अमानित्व : कोणी कौतुक केलं तर काय म्हणावं?



आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा. ज्ञानाची लक्षणं जिथून सुरू होतात तो भाग.

गीतेत ही लक्षणं पाच श्लोकांत येऊन जातात. माउली मात्र त्यांच्यावर शेकडो ओव्या खर्च करतात. एकेक शब्द हातात घेऊन, उलटासुलटा करून दाखवतात. त्यातला पहिलाच शब्द ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हाव नसणं. माउली म्हणतात, अशा माणसाच्या अंगी खरोखर असलेले गुणसुद्धा कोणी वाखाणले, की तो व्याधाने घेरलेल्या हरणासारखा कासावीस होतो. हातांनी पोहत नदी पार करणारा भोवऱ्यात सापडावा तसं त्याचं होतं. आपली कीर्ती आपल्या कानावर येऊ नये, लोकांना आपली आठवणसुद्धा राहू नये, असं त्याला वाटतं. बृहस्पतीइतकं ज्ञान असलं तरी तो वेडेपणाच्या आड लपून राहतो.

खरं सांगतो, पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाकीची लक्षणं राहू देत, पण हे एक तरी आपल्यात आहे! कारण कोणी कौतुक केलं की मीही कासावीस होतो. कान गरम होतात. तोंडातून आपोआप ‘छे हो, कसलं काय’ निघतं. शर्ट चांगला आहे म्हटलं तर ‘जुनाच आहे, सेलमध्ये घेतला होता’. घर छान लावलंय म्हटलं तर ‘पसारा बघू नका’. ही आपल्याकडची रीतच आहे. पुरणपोळी छान झालीय म्हणावं, तर करणारी माउली म्हणणार, ‘आज जरा कणीक चिवटच झाली’. त्यामुळे अमानित्व आपल्याला घरातूनच मिळालंय, अशी माझी समजूत होती.

ती समजूत या वर्षी मोडली. कशी मोडली ते आज लिहितो. लिहायला थोडं जड जातंय, पण चिंतन म्हणजे दुसऱ्याला शिकवणं नव्हे, आधी स्वतःची झडती घेणं.

आमच्या कंपनीत एका अमेरिकन ग्राहकाचं काम चालतं. फेब्रुवारीत एका जुन्या प्रणालीतला सगळा डेटा नव्या प्रणालीत हलवायचा होता. शुक्रवारी रात्री सुरू केलं आणि रविवारी दुपारी संपलं. शनिवारी पहाटे तीनच्या सुमारास एका टप्प्यावर आकडे जुळेनात. माझ्याबरोबर टीममधली एक मुलगी होती, कॉलेजातून बाहेर पडून दोनच वर्षं झालेली. चूक तिने शोधली. तारखांच्या दोन वेगवेगळ्या पद्धती एकाच रकान्यात मिसळल्या होत्या. ते निस्तरणारी स्क्रिप्टही तिनेच लिहिली. मी तपासली, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि चहा आणून दिला. एवढंच.

मंगळवारी कॉल होता. तिकडच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर तोंड भरून कौतुक केलं. ‘अप्रतिम काम केलंत, आमचा सोमवार वाचवलात’ अशा अर्थाचं बरंच काही. आणि मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, ‘नथिंग मच, स्मॉल चेंजेस ओन्ली.’ म्हणजे, फार काही नव्हतं, छोटेच बदल होते.

इकडे कोणी असता तर त्याने ते मनावर घेतलंच नसतं. आपल्याकडे ‘कसलं काय’ याचा अर्थ ‘कसलं काय’ असा नसतोच. समोरचा म्हणतो, ‘नाही हो, खरंच!’ मग आपण पुन्हा नको-नको म्हणतो, मग तो आणखी एकदा म्हणतो, आणि दोघंही समाधानाने चहा पितात. पण तो बिचारा सरळ माणूस. मी म्हणालो छोटे बदल, त्याने ऐकलं छोटे बदल. सहामाही मूल्यमापनासाठी त्याच्याकडून अभिप्राय आला, त्यात त्या कामाची नोंद ‘किरकोळ बदल’ अशीच होती. माझं काही बिघडलं नाही, माझी इतर दहा कामं होती. त्या मुलीचं मात्र त्या सहा महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. तिची श्रेणी एक पायरी खाली लागली.

चार दिवसांनी ती माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, एक विचारू? रागावू नका. त्या दिवशी तुम्ही म्हणालात फार काही नव्हतं. मग मी तीन दिवस काय करत होते?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मेल लिहिली, खरं काय ते सविस्तर कळवलं. तिकडून दिलगिरी आली, पण या फेरीतलं मूल्यमापन बंद झालंय, पुढच्या वेळी लक्षात ठेवू, असं उत्तर मिळालं. श्रेणी बदलली नाही.

त्या रात्री तेरावा अध्याय पुन्हा उघडला. हरणाची ओवी वाचली आणि पहिल्यांदाच मनात प्रश्न आला : मी खरंच कासावीस झालो होतो, की कासावीस झाल्यासारखं करायची सवय लागली होती?

मग या विषयावर थोडं वाचलं. आमच्या कामात एखादी गोष्ट बिघडली की ‘असं का झालं’ याच्या मुळाशी जायचं असतं, ती खोड इथेही लागली. आणि वाचताना कळलं की कौतुकाला उत्तर काय द्यावं हा प्रश्न जगात सगळ्यांनाच पडलेला आहे. आपण समजतो तसे ‘ते अमेरिकन गर्विष्ठ, आपण नम्र’ असे दोन सरळ गट नाहीत.

अनिता पॉमरान्त्स नावाच्या अभ्यासक आहेत. त्यांनी १९७८ साली यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कौतुक ऐकणारा माणूस दोन नियमांच्या कात्रीत सापडतो. पहिला नियम, समोरच्याचं म्हणणं शक्यतो मान्य करावं. दुसरा नियम, स्वतःची स्तुती स्वतः करू नये. ‘छान गातोस’ या वाक्याला ‘हो’ म्हटलं तर दुसरा नियम मोडतो, ‘नाही’ म्हटलं तर पहिला. म्हणून माणसं मधली वाट काढतात. थोडं मान्य करून कौतुक जरा खाली आणतात, श्रेय दुसऱ्याकडे सरकवतात, नाहीतर ‘तूही छान गातोस’ म्हणून परत करतात. आणि हे सगळं त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन माणसांच्या संभाषणात टिपलेलं होतं बरं का! पुढे रॉबर्ट हर्बर्ट यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात असे हजारावर प्रतिसाद जमवले. त्यात कौतुक सरळ स्वीकारणारे साधारण एक तृतीयांशच निघाले. ‘थँक यू म्हणावं’ हे तिथे मुलांना शिकवतात, पण तिथली माणसंही मनातून चुळबुळतातच.

चिनी भाषेत कौतुकाला द्यायचं एक जुनं उत्तर आहे : ‘नाली, नाली’. शब्दशः अर्थ ‘कुठे, कुठे?’ हे वाचून मला हसूच आलं, कारण आपलं ‘कुठलं काय!’ याहून वेगळं काय आहे? रोंग चेन यांनी १९९३ साली चीनमधल्या शिआन शहरातले विद्यार्थी आणि अमेरिकन विद्यार्थी यांची तुलना प्रसिद्ध केली. शिआनच्या मुलांनी जवळपास प्रत्येक वेळी कौतुक नाकारलं होतं. मग २०१० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्याच शहरातला नवा अभ्यास प्रसिद्ध केला, तर आता निम्म्याहून जास्त उत्तरं स्वीकाराची! शहर तेच, भाषा तीच. एका पिढीच्या आत रीत पालटली.

हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. कारण जी गोष्ट सतरा वर्षांत पालटू शकते, ती अमानित्व असू शकत नाही. शिआनची मुलं १९९३ साली ज्ञानी होती आणि २०१० साली अज्ञानी झाली असं थोडंच आहे? म्हणजे ‘नाही हो’ म्हणणं ही रीत आहे आणि ‘थँक यू’ म्हणणं हीसुद्धा रीतच आहे. माउली ज्याबद्दल बोलतात ते या दोन्हींच्या खाली कुठेतरी आहे. मी इतकी वर्षं कपड्यालाच अंग समजत होतो.

आणखी एक गोष्ट वाचली, ती तर डोक्यातून जाईना. रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात शिकार करून जगणाऱ्या लोकांमध्ये राहत होते. नाताळला सगळ्यांना मेजवानी द्यावी म्हणून त्यांनी मोठा धष्टपुष्ट बैल विकत घेतला. तर जो तो येऊन सांगू लागला, हा कसला मरतुकडा बैल आणलास, नुसती हाडं आहेत, यात कोणाचं पोट भरणार? ली हवालदिल झाले. प्रत्यक्षात बैल कापला तेव्हा त्यावर चरबीचा जाड थर निघाला आणि लोक पोट धरून हसत होते! मग एकाने त्यांना समजावलं. आमच्यात तरुण पोरगा मोठी शिकार करून आला की आम्ही त्या शिकारीला नावंच ठेवतो. नाहीतर तो स्वतःला राजा समजेल आणि आम्हाला नोकर. बढाईखोराचा गर्व उद्या कोणाचा तरी जीव घेईल. म्हणून आम्ही त्याचं काळीज थंड ठेवतो. ली यांनी हा अनुभव १९६९ साली लिहिला. तिथला शिकारी स्वतःसुद्धा परत आल्यावर गप्प बसतो. कोणी विचारलंच तर म्हणतो, काही नाही, थोडंसं काहीतरी दिसलं. मग लोक समजून जातात की मोठं जनावर पडलंय.

हे वाचलं आणि आई आठवली.

माझी आई कराडला घरी ब्लाउज शिवायची. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. तिचा हात इतका चांगला होता की लांबच्या गल्लीतूनही बायका यायच्या. एखादी घालून बघायची आणि म्हणायची, ‘काय सुरेख बसलाय हो वहिनी!’ आई मान खाली घालून काजं करता करता म्हणायची, ‘साधाच तर शिवलाय.’ आणि मग ती बाई पस्तीसच्या जागी तीस रुपये ठेवायची : ‘साधाच आहे ना, मग पाच कमी घ्या.’ आई काही बोलायची नाही.

परवा फोनवर मी तिला विचारलं, “आई, तू तेव्हा तसं का म्हणायचीस गं?”

ती म्हणाली, “मग काय म्हणायचं बाळा? हो, छानच शिवते मी, असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं असतं, फार शेफारलीय म्हणून.” थोडं थांबून म्हणाली, “पण ते पाच-पाच रुपये लक्षात आहेत हो अजून.”

मंडळी, इथे मला त्या कालाहारीच्या शिकाऱ्यात आणि माझ्या आईत फरक दिसला. शब्द दोघांचे सारखेच. तो म्हणतो थोडंसं दिसलं, ही म्हणते साधाच शिवलाय. पण तिथे नम्रता बळकट माणसाला आवरते. शिकार सगळ्यांत वाटली जाते, दुबळ्यालाही मिळते, आणि मारणारा डोईजड होत नाही. इथे मात्र जिच्या हातात आधीच काही नव्हतं तिच्याकडूनच नम्रता मागितली गेली, आणि तिची किंमत पाच रुपयांनी वसूल झाली. मग माझ्या त्या मंगळवारच्या नम्रतेची किंमत कोणी भरली? मी नाही. माझ्याहून लहान असलेल्या, नवीन असलेल्या मुलीने भरली. नम्र झालो मी आणि कापला गेला तिचा खिसा. आईचे पाच रुपये कापणाऱ्या बाईचा मला इतकी वर्षं राग होता. पण या वेळी तिच्या जागी मीच होतो.

म्हणून आता मला असं वाटतं की आपण नम्रतेने बोललो असं वाटलं की एक प्रश्न स्वतःला विचारावा. या नम्रतेची किंमत कोण देतंय? मी देत असेन तर ठीक. दुसरं कोणी देत असेल तर ती नम्रता नव्हे, उधळेपणा आहे, तोही दुसऱ्याच्या पैशावर.

आता पुन्हा ओव्यांकडे येऊ. गीतेत अमानित्वाला लागूनच पुढचा शब्द आहे ‘अदंभित्व’, दांभिकपणा नसणं. हे दोन शब्द शेजारी ठेवलेत ते उगाच नसावेत असं मला वाटतं. कारण मान नको म्हणता म्हणता दंभ कधी शिरतो ते कळतही नाही. मी ‘कसलं काय’ म्हणतो तेव्हा आतून मी काय करत असतो? दुसऱ्या फेरीची वाट बघत असतो. समोरचा म्हणेल, ‘नाही हो, खरंच चांगलं झालं.’ आणि वर आणखी म्हणेल, ‘आणि किती साधा माणूस आहे बघा!’ म्हणजे कामाचं कौतुक एकदा आणि नम्रतेचं कौतुक दुसऱ्यांदा. हरभऱ्याच्या झाडावर दुसऱ्याने चढवलं तर निदान त्याला दोष देता येतो. मी तर खाली उभा राहून ‘नको नको’ म्हणत स्वतःच शिडी लावत होतो. खरा कासावीस झालेला माणूस रात्री अंथरुणावर पडल्यावर ते कौतुकाचे शब्द पुन्हा आठवून बघत नाही. मी बघतो. हे लिहायला लाज वाटते, पण बघतो.

अदंभित्व समजावताना माउलींनी एक शेतकऱ्याचा दृष्टांत दिलाय. शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो, तसा हा माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. या दृष्टांतापाशी मी बराच वेळ थांबलो. शेतकरी बी झाकतो, पण ‘मी काही पेरलंच नाही’ असं म्हणत नाही. झाकणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. बी झाकलं तर ते उगवतं. पेरलंच नाही म्हणालात तर उद्या त्या जमिनीवरून कोणीही नांगर फिरवेल. आणि दुसरं असं की शेतकरी स्वतःचं बी झाकतो, शेजाऱ्याचं नाही. मी त्या मुलीने पेरलेल्यावर माती लोटली आणि त्याला विनय म्हणालो. हा अर्थ माउलींना अभिप्रेत होता असा माझा दावा नाही. माझ्यापुरता तो तसा लागला, एवढंच.

मग उत्तर काय द्यावं? नाकारायचं नाही, मिरवायचं नाही, मग करायचं काय?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते दोन वर्षांपूर्वीच मिळालं होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं.

त्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर मी पुणे ते सासवड हा एकच टप्पा चाललो होतो. दिवे घाट चढून वर आल्यावर एका झाडाखाली बसलो. दिंडीतल्या एक म्हाताऱ्या आजी आल्या, नऊवारी, डोक्यावर तुळस. मला वाट करून द्यायला मी उठलो, तर त्या सरळ वाकल्या आणि माझ्या पायाला हात लावू लागल्या. मी दचकून दोन पावलं मागे सरलो. “अहो आजी, नको नको, हे काय करताय? मी लहान आहे तुमच्यापेक्षा!”

आजींनी वर बघितलं. रागाने नाही, पण जरा नवलाने. म्हणाल्या, “आरं माउली, तुझ्या कुठं पडतीय मी पाया?”

शेजारी बसलेले एक वारकरी हसले. त्यांनी काही सांगितलं नाही, नुसतं उठून आजींच्या पाया पडले. आजी त्यांच्या पडल्या. दोघंही ‘माउली, माउली’ म्हणाले आणि आजी पुढे चालू लागल्या.

तेव्हा मी ते मजेदार आठवण म्हणून घरी येऊन सांगितलं होतं. आता कळतंय की त्या एका वाक्यात सगळं होतं. मी पाय मागे घेतले ते नम्रतेने, असं मला वाटलं. पण पाय मागे घेण्यासाठी आधी हे गृहीत धरावं लागतं की हा नमस्कार मला आहे. आजींनी तो मला केलाच नव्हता. माझ्यात जो आहे त्याला केला होता. मध्ये मीच तडमडलो. ‘नको नको’ म्हणणारा माणूस ‘हो हो’ म्हणणाऱ्याइतकाच ‘मी’ने भरलेला असू शकतो.

वारीत नमस्काराला उत्तर नमस्कार असतं. कोणी वाकलं की आपण वाकायचं. नाकारायचं नाही, ठेवून घ्यायचं नाही. वय बघायचं नाही, जात बघायची नाही. मान आला, तसा तो पुढे गेला.

जगात इतरत्रही अशा वाटा लोकांनी शोधल्या आहेत. सीरियात कोणी तुमच्या वस्तूची स्तुती केली तर ‘तुम्हालाच अर्पण’ अशा अर्थाचं उत्तर देण्याची रीत आहे. इराणात कोणी ‘किती सुंदर’ म्हटलं तर उत्तर देतात, ‘तुमचे डोळे सुंदर बघतात.’ आपला ‘चष्मा’ हा शब्द त्यांच्याच ‘चश्म’वरून, म्हणजे डोळ्यावरून आलेला. किती गोड उत्तर आहे बघा! कौतुक खोटं ठरवलं नाही आणि खिशातही घातलं नाही. बघणाऱ्याला नमस्कार करून ते त्याच्याच हातात दिलं. अर्थात रोज रोज म्हटलं की हीसुद्धा रीतच होते. रीतीचा दोष नाही, तिच्या आत काही आहे का एवढंच बघायचं.

पण इथे स्वतःला एक सावधगिरीची सूचना. ‘सगळी माउलींची कृपा’ हे वाक्यही पाय मागे घेण्याचीच एक तऱ्हा होऊ शकते. कृपा माउलींची, हे खरंच. पण पहाटे तीन वाजता डोळे चोळत ती स्क्रिप्ट एका मुलीने लिहिली, हेही खरंच. माउली कृपा करतात ती कोणाच्या तरी हातांनी करतात. ते हात गाळून थेट वर बोट दाखवलं तर तो त्या हातांचाही अपमान आणि वरच्याचाही. आई म्हणाली असती, ‘देवाचं नाव घेतलंस, पण शिलाई कोण देणार?’

म्हणून मी सध्या एवढंच ठरवलंय. कोणी कौतुक केलं तर आधी त्याचे आभार मानायचे, कारण बघायला आणि बोलायला त्याने वेळ काढला. मग जे झालं ते जसं झालं तसं सांगायचं, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही. ज्यांचे हात लागले त्यांची नावं घ्यायची. आणि उरलेलं, जे रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवावंसं वाटतं ते, झोपताना हरिपाठ म्हणताना त्याच्या पायाशी ठेवायचं. शेवटचं अजून जमत नाही. पहिली तीन जमू लागलीत.

गेल्या महिन्यात तसा प्रसंगही आला. कॉलवर पुन्हा एका कामाचं कौतुक झालं. या वेळी मी तयारीत होतो. आभार मानले आणि त्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं की मूळ अडचण हिने शोधली, दोन दिवस लागले, काम अवघड होतं. मॅनेजर तिला म्हणाला, शाब्बास. सगळे तिच्या बोलण्याची वाट बघत होते. तिने माईक सुरू केला आणि म्हणाली, “नथिंग मच, स्मॉल चेंजेस ओन्ली.”

माझेच शब्द, जसेच्या तसे. दोन वर्षं माझ्याशेजारी बसून तिने डेटाबेसबरोबर हेही उचललं होतं.

मी लगेच मध्ये पडून म्हणालो, “नाही, छोटे नव्हते.” कॉल संपल्यावर तिला आईची पाच रुपयांची गोष्ट सांगितली. ती हसली, मग जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “पण सर, हो म्हणायला कसंतरीच वाटतं.”

म्हटलं, मलाही वाटतं. हळूहळू शिकू.

माउली, अंगी नसलेल्या अमानित्वाचा आव माझ्याकडून गळून पडो. माझ्या नम्रतेची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी न लागो. आणि कोणी वाकलं, तर मला पाय मागे न घेता वाकता येवो.

आजचा अभ्यास : आज कोणी आपलं कौतुक केलं तर पहिलं वाक्य तोंडातून निघण्याआधी एक श्वास थांबून बघू या. आणि घरात ज्याचं कौतुक करायचं राहून गेलंय, त्याचं आज करू. तो ‘कसलं काय’ म्हणाला तरी!

उद्या : अदंभित्वाच्या उरलेल्या ओव्या.

॥ राम कृष्ण हरी ॥